वाहन रिकामे

“उन्मेष, गाडी मागे घे. इथून पुढे जमीन वरून कडक दिसते, आत चिखल असतो,” मी म्हणाले.

“बोर्डावर लिहिलंय म्हणून?”

“बोर्डावरही लिहिलंय. आणि मी चौदा वर्षं वर्गात हेच शिकवतेय.”

“शिकवतेयस. पाहिलेलं नाहीस कधी,” तो म्हणाला आणि त्याने गाडी रस्त्यावरून खाली मिठावर घातली.

याला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा साताऱ्याच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवत होते. उन्मेष बँकेत अधिकारी होता. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. कच्छचं रण बघायची इच्छा माझी, म्हणून होळीला जोडून चार दिवस रजा काढून, मुलीला, ऋजुताला, माझ्या बहिणीकडे ठेवून आम्ही गेलो होतो. मार्च संपत आला होता. पर्यटकांचे तंबू उठले होते, ऊन चढलं होतं. भुजमध्ये उन्मेषने गाडी भाड्याने घेतली, स्वतः चालवायला. चावी देताना गाडीमालकाने करारावर बोट ठेवून बजावलं होतं, रस्ता सोडून रणात गाडी उतरवायची नाही. उन्मेषने न वाचता सही केली होती.

आम्हाला ऊंटियो बघायचा होता. रणाच्या सपाट पांढऱ्या मिठातून एकटाच वर आलेला काळा डोंगर, उंटाच्या मदारीसारखा. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे अभयारण्याची हद्द आणि दलदलीचा इशारा लिहिलेला सरकारी बोर्ड आहे. तिथून एक कच्ची वाट रणाच्या काठाकाठाने चौदा किलोमीटर वळसा घेऊन डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याशी जाते. तिथे खारीवांढ नावाची वस्ती. दिवसातून एक एसटी बस त्याच वाटेने ये-जा करते. आदल्या दिवशी भुजच्या स्टँडवर मी चौकशीही केली होती. बसनेच जाऊ म्हटलं होतं. “एसटीत धक्के खायला इतक्या लांब आलोय का,” असं उन्मेष म्हणाला होता.

आणि आता तो वळसाही त्याला नको होता. डोंगर समोर दिसत होता. सरळ मिठावरून गेलं तर सात-आठ किलोमीटर.

सुरुवातीला गाडी छान पळाली. चाकांखाली काचा चुरडल्यासारखा आवाज येत होता. उन्मेषने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. चार किलोमीटरवर आवाज बदलला. गाडी जड झाली, पुढचं डावं चाक खाली बसलं आणि आम्ही थांबलो. त्याने जोरात ॲक्सिलरेटर दाबला तशी मागची चाकंही काळ्या चिखलात रुतली. मी उतरून मागून ढकललं. पाय पोटरीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढताना गुडघ्यात कळ आली. मोबाईलला रेंज नव्हती. साडेनऊ वाजले होते.

“आता बोलू नकोस,” उन्मेष म्हणाला. मी काही बोलले नव्हते.

त्याने डोंगराकडे बघून अंदाज घेतला. “पायथा तीन-साडेतीन किलोमीटर असेल. पलीकडे वस्ती आहे. मी ट्रॅक्टर घेऊन येतो. तू इथेच थांब.”

“मी पण येते.”

“या गुडघ्याने? तुझ्या चालीने गेलो तर दुपार होईल. शिवाय सामान आहे गाडीत. दोन तासांत येतो.”

त्याने दोन लिटरची बाटली घेतली. माझ्यासाठी एक लिटरची राहिली, तीही थोडी प्यालेली. मग त्याने चावी काढून खिशात टाकली.

“चावी ठेव. एसी लावता येईल.”

“उभ्या गाडीत एसी लावून पेट्रोल संपवायचंय? आणि गाडी माझ्या नावावर घेतलीय, हेमा. चावी माझ्याकडेच राहू दे.”

तो गेला. पाठमोरा तो बराच वेळ दिसत होता. मग पायाकडून विरघळल्यासारखा झाला आणि त्या चकाकीत नाहीसा झाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की काचा बटणावर चालणाऱ्या आहेत आणि चावीशिवाय त्या खालीही होत नाहीत, वरही होत नाहीत. चारही दारं उघडी टाकून मी मागच्या सीटवर बसले.

दोन तास मी रागावून काढले. चावीचा राग, बाटलीचा राग, ‘तुझ्या चालीने’चा राग. परत आला की काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. साडेअकरा वाजले. बारा वाजले. एक वाजला.

बारानंतर गाडीत बसवेना. पत्रा तव्यासारखा तापला होता. गाडीच्या सावलीत बसावं तर सावली हातभर उरली होती आणि खालचा ओला खार कपड्यातून कातडीला झोंबत होता. मी बॅगेतला टॉवेल आणि उन्मेषचे दोन शर्ट दारांच्या कडांना अडकवून आडोसा केला. पाणी झाकणाने मोजून प्यायला लागले. डोळे मिटले तरी पापण्यांतून पांढरं दिसत होतं. चारी बाजूंना तळी दिसत होती, तळ्यांत डोंगराचं उलटं प्रतिबिंब दिसत होतं. मृगजळ कसं तयार होतं हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगते. तरी दोनदा उठून उभी राहिले.

एक वाजल्यानंतर राग गेला. मला वाटायला लागलं, उन्मेष कुठेतरी पडलाय. पाय रुतला असेल, चक्कर आली असेल, साप चावला असेल. मी मघाशी मनातल्या मनात इतकं वाईट बोलले याची शरम वाटली. मी त्याच्यासाठी देवाची प्रार्थना केली. हे मुद्दाम सांगते आहे. दुपारी दोन वाजता, घोटभर पाणी उरलेलं असताना, मी त्या माणसाच्या जिवासाठी प्रार्थना करत होते.

तीन वाजता पाणी संपलं. मी ठरवलं की निघायचं. गुडघ्याला ओढणीची एक पट्टी फाडून बांधली, उरलेली डोक्यावर घेतली. उन्मेषच्या बुटांचे ठसे खारात स्पष्ट उमटलेले होते. पाय घसरत, थांबत, त्या ठशांवरून चालायला लागले. प्रत्येक वेळी पुढे बघताना मला भीती वाटायची की ठसे आता संपतील आणि तिथे तो पडलेला असेल. ठसे कुठेच संपले नाहीत. सरळ, सारख्या अंतरावर पडत गेले होते. चांगला चालत गेला होता तो.

तासाभराने डोंगराच्या पायथ्याकडून एक जीप येताना दिसली. मला तीही खरी वाटेना. जवळ येऊन थांबली तेव्हा सीमेवरच्या गस्तीचे तीन जवान खाली उतरले. एकाने मला दंडाला धरून जीपच्या सावलीत बसवलं.

“पानी, धीरे धीरे,” तो म्हणाला. “एकदम मत पीजिए.”

“माझे मिस्टर,” मी मराठीतच म्हणाले. हिंदी आठवतच नव्हतं. “माझे मिस्टर सकाळी इकडे चालत आलेत. त्यांना शोधा आधी.”

तो थांबला. “मॅडम, तुम्ही महाराष्ट्रातल्या?”

“सातारा.”

“मी चंदगडचा. हवालदार गावडे.” त्याने टोपी काढून कपाळ पुसलं. “तुम्ही कुठून आलात चालत?”

“गाडीतून. गाडी रुतलीय आमची, तिकडे मागे.”

“ती चंदेरी गाडी?”

“हो.”

“त्या गाडीत तुम्ही होता? सकाळपासून?”

“साडेनऊपासून. माझे मिस्टर ट्रॅक्टर आणायला गेले, ते आलेच नाहीत. त्यांना काहीतरी झालंय. तुम्ही आधी...”

गावडेंनी दुसऱ्या जवानाकडे बघितलं. तो दुसरीकडे बघायला लागला.

“तुमच्या मिस्टरांना काही झालेलं नाही,” गावडे म्हणाले. “ते वस्तीवर आहेत. आम्हीच सोडलं त्यांना सकाळी.”

मला इतकं हायसं वाटलं की मी रडले. रडणं आवरल्यावर मला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं.

“सकाळी म्हणजे किती वाजता?”

“साडेदहा-पावणेअकरा.”

“मग तुम्ही माझ्याकडे का नाही आलात?”

“मॅडम, आधी वस्तीवर जाऊ. तुम्ही अजून पाणी घ्या.”

“गावडे, तुम्ही का नाही आलात?”

ते माझ्यासमोर उकिडवे बसले. वयाने माझ्यापेक्षा लहान होते, पण त्या वेळी मोठ्या भावासारखे दिसले. “आम्हाला दुर्बिणीतून गाडी दिसलेली. साहेब पायथ्याला भेटले. मी विचारलं, आत कोण आहे का. असेल तर आधी माणूस काढायला पाहिजे. दहा मिनिटांचं काम होतं. तर म्हणाले, कोणी नाही.”

“तुम्ही हिंदीत विचारलं असेल. त्याला कळलं नसेल.”

“मराठीत विचारलं मॅडम. ते मराठी आहेत म्हटल्यावर मला बरं वाटलेलं. दोनदा विचारलं. आम्हाला लिहावं लागतं.”

त्यांनी जीपमधून गस्तीची वही आणून दाखवली. वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर, चालकाचं नाव आणि पुढे हिंदीत दोन शब्द: वाहन ख़ाली.

मी ते शब्द वाचले. त्या माणसासाठी मी त्यानंतर पुन्हा रडले नाही.

खारीवांढ म्हणजे वीस-पंचवीस गोल झोपड्या आणि म्हशींचे गोठे. ट्रॅक्टर रमजूभाईंचा, साठीचा उंच माणूस, डोक्याला अजरख छापाचं फडकं. त्यांच्या झोपडीपुढच्या छपरात खाटेवर उन्मेष झोपला होता. बूट खाली नीट जोडीने ठेवलेले. खाटेशेजारी जेवलेलं ताट आणि ताकाचा पेला.

रमजूभाईंनी जीपमधून मला उतरताना पाहिलं, माझे खारवलेले पाय, चिंधी बांधलेला गुडघा पाहिला आणि गावडेंना विचारलं, “ये बाई कौन?”

“गाड़ी में थी,” गावडे म्हणाले.

रमजूभाईंचा चेहरा उतरला. “हमको तो बोला गाड़ी फँसी है, बस. मैंने बोला शाम को निकालेंगे, अभी धूप में ट्रॅक्टर भी बैठ जाएगा. बोला, चलेगा.” ते खाटेकडे वळले. “साहब, बाई का बोलते तो मैं खाना छोड़ के जाता. ऊँट लेके जाता.”

उन्मेष उठून बसला होता. त्याने आधी माझ्याकडे नाही, गावडेंकडे बघितलं. मग हसला.

“आलीस तू? मी निघतच होतो. पाच वाजता ट्रॅक्टर घेऊन...”

“यांनी तुला विचारलं होतं,” मी म्हणाले.

“हेमा, इथे नको.”

“यांनी दोनदा विचारलं, आत कोणी आहे का. तू काय सांगितलंस?”

रमजूभाईंची बायको, हवाबाई, आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती तशीच उभी राहिली.

“अगं, आत बाई आहे म्हटलं असतं तर वायरलेसवर कळवलं असतं. वर रिपोर्ट गेला असता. अभयारण्यात गाडी घातली, माणसाचा जीव धोक्यात घातला, केस झाली असती. नोकरीत माझं प्रमोशन आहे पुढच्या महिन्यात, तुला माहितेय. नुसती गाडी म्हटल्यावर कोणी एवढं मनावर घेत नाही. गुपचूप काढून घेतली असती.”

“सात तास.”

“मला कुठे माहीत होतं ट्रॅक्टर संध्याकाळी निघेल म्हणून? एकदा नाही म्हटल्यावर मग हो कसं म्हणणार?” त्याने आवाज खाली आणला. “आणि झालं का काही? सुखरूप आहेस ना समोर?”

मी चिडले की माझा आवाज फाटतो, मग उन्मेष म्हणतो, बघ, कशी किंचाळतेस. त्या दिवशी माझा आवाज अगदी वर्गातल्यासारखा निघाला.

“तू जेवलास,” मी म्हणाले. “झोपलास. झोप लागली तुला.”

तो वाकून बूट घालायला लागला. एवढ्यात हवाबाईने माझा हात धरला आणि मला आत नेलं. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. तिने माझे पाय गोड्या पाण्याने धुतले. तिथे पाणी टँकरने येतं हे मला नंतर कळलं. बाहेर रमजूभाई कोणाशी तरी कच्छीत मोठ्याने बोलत होते. आत येऊन ते मला म्हणाले, “गाड़ी निकाल देता हूँ, वो मेरा काम है. पर वो मेरी खाट पे नहीं सोएगा.”

गावडेंना वही दुरुस्त करायला माझा जबाब हवा होता. गस्तीच्या चौकीवर उन्मेष माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि अधिकारी आत येईपर्यंत मला सांगत राहिला, काय बोलायचं ते मी तुला शिकवतो, तू फक्त म्हण की मागाहून चालत आले. ऋजुताचा विचार कर. तिला काय सांगणार आहेस?

“जे झालं ते,” मी म्हणाले.

मी साडेनऊपासून सगळं सांगितलं. चावीसुद्धा सांगितली. गावडेंनी ते लिहून घेतलं, मी वाचून सही केली. सही करताना उन्मेषने माझ्या मनगटाकडे हात आणला आणि गावडेंकडे बघून मागे घेतला.

“नवऱ्याविरुद्ध सही केलीस,” तो बाहेर येऊन म्हणाला.

“मी गाडीत होते एवढीच सही केली.”

त्याला दंड झाला, समज मिळाली, संध्याकाळी गाडी बाहेर निघाली. तो गाडीत झोपला, मी हवाबाईशेजारी.

पुढे दोन वर्षांनी कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशक बाईंनी मला विचारलं, मारहाण होती का? नाही. व्यसन? नाही. बाहेर काही? नाही. मग नेमकं काय, ताई? मी त्यांना रणातली ही हकिगत सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, घाबरून माणूस कधीकधी असं बोलून जातो, एवढ्यावरून संसार मोडायचा का? मी म्हटलं, घाबरून पहिल्यांदा बोलला असेल. दुसऱ्यांदा विचारल्यावर? आणि त्यानंतर ताक पिताना? बाई चांगल्या होत्या. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. माझ्या आईने मात्र मरेपर्यंत विचारलं.

पण माझं ठरलं ते न्यायालयात नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये ठरलं.

सकाळी साडेसहाला खारीवांढहून बस सुटते. रमजूभाई आणि हवाबाई मला बसपर्यंत सोडायला आले होते. बसमध्ये दुधाचे कॅन घेतलेली माणसं होती, दवाखान्यात निघालेली एक गरोदर बाई होती, तिची सासू होती. मी खिडकीशी बसले. तिकिटं डांबरी रस्त्याला लागल्यावर फाडतो, असं कंडक्टर म्हणाला. बस डोंगराला वळसा घालत निघाली आणि मी ऊंटियो चारी बाजूंनी पाहिला. मागच्या बाजूने तो मदारीसारखा दिसतच नाही, तिथे सगळा कडा तुटलेला आहे आणि थरांवर थर स्पष्ट मोजता येतात. सगळी वाट कठीण होती. कुठेच चाक रुतलं नाही.

पाऊण तासाने सरकारी बोर्ड आला. तिथे चिखलाने माखलेली चंदेरी गाडी रस्त्यावर आडवी उभी होती. उन्मेष हात वर करून रस्त्याच्या मधोमध थांबला होता. ड्रायव्हरने बस थांबवली.

उन्मेष वर चढला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, “बस झालं आता. उतर.”

मी बसून राहिले.

“हेमा, लोक बघतायत. खाली उतर, गाडीत बोलू.”

कंडक्टर मधल्या वाटेने पुढे आला. “क्या हुआ भाई? टिकट लेना है?”

“टिकट नहीं चाहिए,” उन्मेष त्याला म्हणाला. आवाज साहेबाचा होता, बँकेतला. “ये मेरी वाइफ है. मेरे साथ जाएगी.”

सगळी बस माझ्याकडे बघत होती. गरोदर बाईची सासू मागे वळून बघत होती. सोळा वर्षांत अशा प्रत्येक वेळी मी उठले होते. लोकांसमोर शोभा नको म्हणून उठले होते, लग्नघरातून, शाळेच्या गॅदरिंगमधून, भावाच्या वास्तुशांतीतून. त्या दिवशीही पायांनी उठायची तयारी केली, हे मला जाणवलं. मी समोरच्या सीटचा दांडा धरला.

“हे काल विचारलं होतं तेव्हा सांगायचं,” मी म्हणाले.

त्याला कळलं होतं. बसमधल्या इतर कोणाला ते वाक्य कळलं नसेल, पण त्याचा चेहरा सगळ्यांनी पाहिला. कंडक्टरने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं.

“बहन, आप को उतरना है?”

“नाही,” मी म्हणाले. “मुझे भुज जाना है.”

“तो भाई, आप उतरो. और गाड़ी साइड में लो.”

उन्मेष उतरला. गाडी चालू करायला त्याला बराच वेळ लागला, चाकांत अजून चिखल होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही. शांतपणे वाट बघितली. गाडी बाजूला झाल्यावर कंडक्टरने घंटीची दोरी ओढली, माझ्याजवळ येऊन उभा राहिला, आणि मी त्याला एक तिकीट मागितलं.